भविष्यवाणीच्या हिशेबात पनवेल

इस्रायलमध्ये जरा खुट्ट झालं की जगभरातल्या कित्येक ख्रिस्ती घरांत बायबलची ठरावीक पानं उघडली जातात. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने हल्ला केला तेव्हा ती उघडली गेली. जून २०२५ मध्ये इस्रायल आणि इराण बारा दिवस एकमेकांवर मारा करत होते, तेव्हाही उघडली गेली. यहेज्केलच्या अडतिसाव्या अध्यायात गोग नावाचा राजा उत्तरेकडून इस्रायलवर चालून येतो आणि त्याच्या साथीदारांत पारस देशाचं नाव आहे. पारस म्हणजे आजचा इराण, उत्तर म्हणजे रशिया, म्हणजे शेवट जवळ आला! दोन दिवसांत हा हिशेब व्हिडिओ आणि फॉरवर्डच्या रूपाने मराठीसह बहुतेक भारतीय भाषांत फिरायला लागतो.

पनवेलला त्याच बातम्या वेगळ्या वाटेनेही येतात. जुन्या पनवेलमध्ये १८४९ साली बांधलेलं ‘बेथ एल’ हे सिनेगॉग आहे. ते ज्यांचं, त्या बेने इस्रायली यहुदी समाजाची आज इथे मोजकीच घरं उरली आहेत. बाकीचे नातेवाईक इस्रायलमधल्या बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद अशा गावांत आहेत. या घरांत युद्धाची बातमी आली की कुणी यहेज्केल काढून बसत नाही; आधी फोन लागतो का ते पाहिलं जातं.

दोन्हीकडची बातमी एकच असली तरी तिच्याकडे बघण्याच्या तऱ्हा वेगळ्या आहेत. आणि पनवेलचा या भाकिताशी संबंध केवळ ओढूनताणून जोडलेला नाही. शेवटच्या काळाची चिन्हं मोजणारे ख्रिस्ती वाचक ज्या घटनेला पहिलं चिन्ह मानतात, ती म्हणजे जगभर पांगलेले यहुदी आपल्या भूमीत परतणं. त्या परतणाऱ्यांत आपले पेणकर, रोहेकर, चेऊलकर, नवगावकर आणि पनवेलकर आहेत. तेव्हा हे वाचन कितपत टिकतं ते तपासायला पनवेलसारखी जागा नाही.

एकच पुस्तक, चार तऱ्हा

ख्रिस्ती परंपरेत शेवटच्या काळाविषयीचा मजकूर मुख्यतः चार ठिकाणी आहे: जुन्या करारातले दानीएल आणि यहेज्केल, मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चोविसावा अध्याय आणि बायबलचं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण. श्वापद, सात शिक्के, हर्मगिदोनची लढाई, ख्रिस्ताचं हजार वर्षांचं राज्य हे सगळं प्रकटीकरणातलं. हा मजकूर कसा वाचायचा यावर ख्रिस्ती जगात कधीच एकमत नव्हतं. ढोबळमानाने चार पंथ पडतात.

पहिल्या पंथाच्या मते प्रकटीकरण त्याच्या स्वतःच्या काळाबद्दल बोलतं. ते इ.स. ९५ च्या सुमारास, पात्म बेटावरून, आजच्या तुर्कस्तानातल्या सात मंडळ्यांना उद्देशून लिहिलं गेलं. सात टेकड्यांवर बसलेली स्त्री म्हणजे रोम, श्वापद म्हणजे रोमची सत्ता. श्वापदाचा आकडा ६६६ असा दिला आहे, तो याच वाचनात सर्वांत सरळ सुटतो. हिब्रूत अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते. ‘नेरोन कैसर’ हे नाव हिब्रूत लिहिलं की नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, कोफ १००, सामेख ६०, रेश २००. बेरीज ६६६. लॅटिन धर्तीवर ‘नेरो’ लिहिलं तर शेवटचा नून गळतो, पन्नास कमी होतात आणि उरतात ६१६. प्रकटीकरणाच्या काही प्राचीन प्रतींत नेमका ६१६ हाच आकडा आढळतो! इ.स. ६४ मध्ये रोममधल्या ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा सम्राट नीरोच होता. बेथ एलमध्ये हिब्रू वाचणाऱ्या कुणालाही ही बेरीज पाटीवर मांडून दाखवता येईल.

दुसऱ्या पंथाला वाटतं की या पुस्तकात चर्चचा सगळा इतिहास क्रमाने सांगितला आहे. धर्मसुधारणेच्या काळात प्रॉटेस्टंट मंडळींनी पोपला ख्रिस्तविरोधी ठरवलं, ते याच वाचनातून. तिसरा पंथ म्हणतो की बहुतेक सगळं अजून व्हायचं आहे. जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाने १८३० च्या दशकापासून ही मांडणी पक्की केली आणि १९०९ च्या स्कोफिल्ड बायबलच्या तळटिपांनी ती घरोघर नेली. संकटाच्या सात वर्षांआधी श्रद्धावंत वर उचलले जातील, यहुदी आपल्या देशात परततील, जेरुसलेममधलं मंदिर पुन्हा उभं राहील, हा क्रम इथला. आज फोनवर फिरणारं जवळजवळ सगळं साहित्य याच पंथाचं आहे. चौथा पंथ हे सगळं चांगल्या-वाइटाच्या सततच्या झगड्याचं रूपक मानतो. संत ऑगस्टीनपासून कॅथॉलिक परंपरा बरीचशी याच बाजूला झुकलेली आहे, म्हणून वसईच्या किंवा गोव्याच्या चर्चमध्ये प्रकटीकरण वाचलं जातं, पण त्यातून साल काढायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही.

सालाची बेरीज

साल काढण्याची रीत कळली की पुढचं सगळं उलगडतं. सर्वांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या विल्यम मिलरचं. दानीएलच्या आठव्या अध्यायात पवित्रस्थान २३०० दिवसांनी शुद्ध होईल असं म्हटलं आहे. मिलरने दिवसाला वर्ष धरलं. सुरुवात धरली इ.स.पू. ४५७, म्हणजे इराणचा राजा अर्तहशश्त याने जेरुसलेमबाबत हुकूम काढला ते साल. २३०० मधून ४५७ वजा केले की १८४३ येतात; इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, मधे शून्य साल नाही, म्हणून एक मिळवायचा. १८४४. अनुयायांनी २२ ऑक्टोबर ही तारीखही नक्की केली. पुष्कळांनी शेतातली पिकं कापली नाहीत, धंदे गुंडाळले. तो दिवस आला आणि गेला.

यातली गंमत अशी की आकडेमोडीत चूक नव्हती. दिवसाला वर्ष का धरायचं आणि मोजणी अमुकच सालापासून का करायची, हे आधीच मनाने ठरवलेलं होतं. त्या निराशेतून सावरलेल्या एका गटाने सांगितलं की साल बरोबरच होतं, फक्त घटना पृथ्वीवर नव्हे तर स्वर्गात घडली. त्यातून १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्च उभं राहिलं. पुण्याचं स्पायसर महाविद्यालय आणि सॅलिसबरी पार्कातलं ओरिएंटल वॉचमन प्रकाशनगृह याच चर्चचं. फसलेल्या तारखेतून निघालेली संस्था पुढे शाळा आणि इस्पितळं काढते, तारखा काढणं सोडून देते, हेही याच इतिहासात आहे.

विसाव्या शतकात मोजणीचा आरंभबिंदू बदलला. मत्तय २४ मध्ये येशू अंजिराच्या झाडाचा दाखला देतो आणि हे सगळं होईपर्यंत ही पिढी सरणार नाही असं म्हणतो. अंजीर म्हणजे इस्रायल, असं धरलं की घड्याळ १४ मे १९४८ ला सुरू होतं. हॅल लिंडसे याच्या १९७० मधल्या ‘द लेट ग्रेट प्लॅनेट अर्थ’ या पुस्तकाने हा हिशेब लाखो लोकांपर्यंत नेला. पिढी चाळीस वर्षांची धरली, म्हणून १९८८. त्या वर्षी एडगर व्हिसेनंट या निवृत्त इंजिनिअरने अठ्ठ्याऐंशी कारणं देणारी पुस्तिकाच काढली. १९८८ सरलं. मग नव्वदाव्या स्तोत्राचा आधार घेऊन माणसाचं आयुष्य सत्तर वर्षं धरलं, की आलं २०१८. तेही गेलं. त्याच स्तोत्रात शक्ती असली तर ऐंशी, असंही आहे. म्हणून आता २०२८. पिढी रबरासारखी ताणता येते, तोवर हा हिशेब कधीच चुकत नाही.

बातम्यांचंही तसंच. प्रकटीकरणाच्या सोळाव्या अध्यायात फरात नदीचं पाणी आटतं. आज तिचं पाणी खरंच कमी झालं आहे. त्यामागे तुर्कस्तानची धरणं आहेत, सीरिया-इराकची धरणं आहेत, दुष्काळ आहे, वाढती शेती आहे. अतातुर्क धरण भरायला जानेवारी १९९० मध्ये तुर्कस्तानने नदीचा प्रवाह महिनाभर अडवला होता. भाकिताचा वाचक यातली एकच ओळ उचलतो: नदी आटली. आपल्याकडे ईशान्येतल्या काही ख्रिस्ती गटांनी आधार क्रमांकालाच श्वापदाच्या आकड्याचा शिक्का मानून नोंदणी टाळली. बारकोड, लस, चिप, प्रत्येक पिढीला आपापला शिक्का सापडलेला आहे.

कोकणात आलेले शोधक

हा विचार कोकणात फोनमधून आलेला नाही. तो जहाजातून आला, दोनशे वर्षांपूर्वी.

बेने इस्रायलींची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटलं, सात जोडपी वाचली आणि कोकणात रुजली. तेल गाळायचा धंदा, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. भाषा मराठी, आडनावं गावांवरून, आणि धर्म म्हणजे शब्बाथ, सुंता, काही उपवास आणि ‘शमा’ची प्रार्थना. पुढे बरेचजण कंपनी सरकारच्या फौजेत गेले. त्यांतल्याच सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं. सिनेगॉगलाही लोक मशीदच म्हणत; मशीद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडल्याचं सांगतात.

त्याच सुमारास इंग्लंडात एक कल्पना जोर धरत होती: ख्रिस्त परत येण्याआधी यहुदी एकत्र यायला हवेत. हरवलेले इस्रायलचे दहा वंश शोधायला हवेत. १८०९ मध्ये लंडनला यहुद्यांमध्ये ख्रिस्ती धर्म पसरवणारी संस्था निघाली. कलकत्त्याचा धर्मगुरू क्लॉडियस ब्यूकॅनन कोचीनला जाऊन हिब्रू हस्तलिखितं गोळा करून आला. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्यांच्या शाळांत बेने इस्रायली मुलंही होती आणि शिक्षकही. १८२९ मध्ये आलेल्या स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं.

या मंडळींत सर्वांत अफलातून माणूस जोसेफ वुल्फ. जर्मनीतल्या यहुदी घरात जन्मलेला, ख्रिस्ती झालेला, हरवलेले वंश शोधत बुखारा-काबूल पालथं घालून १८३३ मध्ये मुंबईत पोचलेला. ख्रिस्त १८४७ मध्ये येणार, असं तो उघडपणे सांगत असे. १८४७ उजाडलं आणि मावळलं. त्यानंतर दोन वर्षांनी पनवेलच्या बेने इस्रायलींनी बेथ एल बांधलं. जग संपायच्या गोष्टी कानावर पडून गेल्यावरही गावकऱ्यांनी आपल्याला इथेच राहायचंय असं मानून पक्कं देऊळ उभारलं, एवढं तर दिसतंच.

मिशनऱ्यांना अपेक्षित होतं ते धर्मांतर फारसं झालं नाही. झालं ते उलटंच. मिशनच्या शाळांत मिळालेलं हिब्रू आणि मराठीतलं शास्त्र हाती घेऊन हा समाज आपल्या धर्मात आणखी खोल गेला. पेसाहच्या रात्री वाचायची हगादा १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली.

त्यांच्या घरात शेवटच्या काळाशी जोडलेला एक संदेष्टा आधीपासून होता, एलियाहू हनाबी. मलाखीच्या पुस्तकानुसार त्या भयंकर दिवसाआधी देव त्याला पाठवणार आहे, म्हणून यहुदी आणि ख्रिस्ती दोघेही त्याची वाट बघतात. कोकणातला एलियाहू मात्र येऊन गेलेला आहे! अलिबागजवळच्या खंडाळा गावात खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. साखरपुडा असो, नवं घर असो, आजारातून उठणं असो, त्याच्या नावाने मलिदा होतो. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची आणि सुकामेवा एका ताटात कालवायचा, भोवती पाच तऱ्हेची फळं मांडायची, एलियाहूचं गाणं म्हणायचं आणि सगळ्यांनी प्रसाद खायचा. जगाच्या अंताचा निरोप घेऊन येणारा संदेष्टा इथे नवस फेडायला बोलावला जातो.

परतीची खरी गोष्ट

१८९७ मध्ये बाझेलला, यहुद्यांना स्वतःची भूमी मिळावी म्हणून, थिओडोर हर्झलची पहिली झायोनिस्ट परिषद भरली. बेने इस्रायलींना बोलावणं आलं होतं. त्यांनी ते नाकारलं. देवाच्या हातून परत जाणं घडेल तेव्हा घडेल, अशी त्यांची भूमिका होती. म्हणजे भाकितावर ज्यांचा खरा विश्वास होता त्यांनीच ते आपण घडवून आणायला नकार दिला.

पन्नास वर्षांनी मात्र लोक गेले. का गेले, याची कारणं पनवेलच्या बाजारात उभं राहूनही कळतील अशी होती. ब्रिटिश गेल्यावर रेल्वे, टपाल आणि सरकारी कचेऱ्यांतल्या नोकऱ्यांचं काय, ही धास्ती होती. इस्रायलने १९५० मध्ये परतीचा कायदा करून प्रत्येक यहुद्याला दार उघडलं. नव्या देशाला माणसं हवी होती. मुलांची लग्नं जमवायला समाज मोठा हवा होता. आणि अर्थात श्रद्धाही होती.

तिथे पोचल्यावर सगळं गोड झालं असं नाही. १९५१-५२ मध्ये रंगावरून भेदभाव होतो अशी तक्रार करत काही भारतीय यहुदी धरणं धरून बसले आणि आम्हाला परत भारतात पाठवा म्हणाले. शंभरहून अधिक लोक खरोखरच भारतात परत आले. त्यांतले बरेच पुढच्या दोन-तीन वर्षांत पुन्हा इस्रायलला गेले. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलींच्या लग्नाआधी त्यांच्या वंशाची चौकशी करायचा फतवा काढला. म्हणजे ज्यांचं परतणं हे भाकिताचं चिन्ह, ते यहुदी आहेत की नाहीत यावरच वाद! समाज रस्त्यावर उतरला. १९६४ च्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने हे सर्वार्थाने यहुदी आहेत असा ठराव केला आणि धर्मपीठाला माघार घ्यावी लागली.

१९५१ च्या जनगणनेत भारतात सव्वीस हजारांच्या आसपास यहुदी होते; २०११ च्या जनगणनेत उरले ४,६५०, त्यांतले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. इस्रायलमध्ये गेलेल्यांनी तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढलं. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने इथे राहिलेल्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. जाणं, फिरून येणं, भांडणं, पुन्हा जाणं आणि काहींनी मुळीच न जाणं, असा हा प्रवास आहे. भाकिताच्या तक्त्यात तो एका बाणाने दाखवतात: भारत ते इस्रायल.

वाचणारेच घडवतात तेव्हा

इथवरचा धोका वाचणाऱ्यापुरता आहे, फार तर तो स्वतः फसेल. २०११ मध्ये अमेरिकेतल्या फॅमिली रेडिओच्या हॅरल्ड कॅम्पिंग याने २१ मे ही तारीख दिली, जगभर फलक लागले, काही अनुयायांनी आयुष्याची पुंजी प्रचारात घातली. पुढच्या वर्षी कॅम्पिंगने चूक कबूल केली. पुंजी गेली ती गेलीच.

पण वाचक जेव्हा भाकीत घडवायला निघतात, तेव्हा त्याची झळ इतरांना बसते. स्वतःला हरवलेल्या वंशांपैकी एक मानणाऱ्या, मणिपूर आणि मिझोराममधल्या ब्ने मेनाशे समाजाला इस्रायलला नेणाऱ्या विमानांसाठी जेरुसलेममधली एक आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती संस्था पैसा पुरवत आली आहे. १४ मे २०१८ ला अमेरिकेने आपला दूतावास जेरुसलेमला हलवला, त्या सोहळ्यातल्या प्रार्थना रॉबर्ट जेफ्रेस आणि जॉन हेगी या पाद्र्यांनी म्हटल्या. हेगी यांनी २००६ मध्ये इस्रायलच्या पाठिंब्यासाठी मोठी ख्रिस्ती संघटना उभी केली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये टेक्सासहून पाच तांबड्या कालवडी इस्रायलला नेल्या गेल्या, कारण मंदिराच्या शुद्धीकरणासाठी तशी कालवड लागते. मंदिराची जागा म्हणजे अल-अक्सा मशिदीचं आवार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. अशा वेळी चालू घडामोडी भाकिताशी जुळतात यात नवल ते काय? त्या जुळाव्यात म्हणून पैसा आणि राजकारण दोन्ही कामाला लागलेलं असतं.

आणि या पटावरच्या माणसांचं पुढे काय होतं, हे कुणी फारसं विचारत नाही. डार्बीच्या मांडणीत परत आलेल्या यहुद्यांच्या वाट्याला शेवटी महासंकट आहे. दिमोन्यात राहणाऱ्या पनवेलकरांना आपली भूमिका या नाटकात नेमकी कोणती, ते कुणी विचारून ठरवलेलं नाही. गाझातल्या कुटुंबांना तर त्यात संवादही नाहीत.

श्रद्धावंत ख्रिस्ती माणसाने मग शेवटच्या काळाचा विचारच करू नये का? करावा, तो त्याच्या धर्माचा भाग आहे. पण चिन्हं सांगणाऱ्या मत्तय २४ मध्येच येशू म्हणतो की तो दिवस आणि ती घटका स्वर्गातल्या दूतांना ठाऊक नाही आणि पुत्रालाही नाही, फक्त पित्यालाच आहे. साल काढणाऱ्यांना ही ओळ ओलांडूनच पुढे जावं लागतं. तोच उपदेश पंचविसाव्या अध्यायात चालू राहतो आणि संपतो तो न्यायाच्या दिवसाच्या वर्णनाने. तिथे राजा लोकांना विचारतो ते असं: भुकेल्याला जेवू घातलं का, तहानेल्याला पाणी दिलं का, परक्याला घरात घेतलं का, उघड्याला वस्त्र दिलं का, आजाऱ्याकडे आणि कैद्याकडे गेलात का. साल बरोबर ओळखलं का, हा प्रश्न त्या यादीत नाही.